खिंडीतलं ऊन

लढाई संपली आणि आमची पलटण कामठीला आली. ब्रह्मदेशाच्या चिखलातून सुटलेल्या माणसाला कामठी म्हणजे माहेर. नागपूर सायकलच्या अंतरावर, रविवारी घरचं जेवण, आणि झाडीतून कोणी गोळी झाडत नाही. मी तेव्हा नाईक होतो, काम सिग्नलचं. एप्रिल अर्धा सरला, बराकीचे पत्रे तापले आणि आमचं माहेरपण संपलं.

बराकीत तेव्हा एकच विषय होता, छाटणी. लढाईसाठी भरती केलेली माणसं सरकारला आता जड झाली होती. नोटीस बोर्डावर नाव लागलं की तो माणूस किट जमा करी, सगळ्यांना रामराम करी आणि स्टेशनचा रस्ता धरी. गरज सरो वैद्य मरो ही म्हण आम्ही शाळेत घोकली होती, अर्थ कामठीत कळला.

अशा दिवसांत कॅप्टन एलिस यांनी हिमालयातली एक उंच खिंड गाठायचा बेत आखला. एलिस साहेब आमचे कंपनी कमांडर. हडकुळे, कमी बोलणारे, नकाशावर जीव असलेले. लष्कराला डोंगरी लढाईची शाळा काढायची होती. सपाटीवरचा शिपाई बर्फात किती टिकतो, ते एक लहान तुकडी नेऊन बघायचं आणि रिपोर्ट द्यायचा, असं साहेबांनी वरून मंजूर करून घेतलं. खिंडीपर्यंत जाऊन धडधाकट परत येतील त्यांना त्या शाळेत शिकवणारे म्हणून घेणार होते. म्हणजे त्यांची छाटणी टळली. कंपनीत ज्याला त्याला एकाएकी हिमालयाचं प्रेम आलं.

निवड झाली ती अशी. हवालदार धोंडबा निमजे, मी, लान्स नाईक किसन भोयर आणि आणखी दोन शिपाई. सगळे नागपूरकडचे. बर्फ आम्ही पाहिला होता तो सरबताच्या गाडीवर.

धोंडबा उमरेडकडचे शेतकरी, वयानं आम्हा सगळ्यांत मोठे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. उन्हाळी रूट मार्चमध्ये माणसं पडायची आणि धोंडबा त्यांना उठवायचे. पडलेल्याला सावलीत निजवायचं, कांदा फोडून नाकाशी धरायचा, तळपाय घासायचे, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळायचा, घोट घोट पन्हं पाजायचं आणि मुळीच हलवायचं नाही. खुद्द एलिस साहेब त्याच एप्रिलात परेडवर आडवे झाले होते. डॉक्टर येईपर्यंत धोंडबांनी त्यांना कडुनिंबाखाली उठवून बसवलं होतं. तेव्हापासून साहेबांच्या लेखी धोंडबा म्हणतील ती पूर्व दिशा. उन्हानं त्यांच्या हाताखाली एकही माणूस गेला नव्हता, ही गोष्ट पलटणीत सगळ्यांना ठाऊक होती.

किसन लकडगंजचा. त्याचे वडील मारोतराव तिथल्या एका लाकडाच्या टालावर आरा, म्हणजे मोठी करवत, ओढायचे. किसन आखाड्यातला गडी, अंगानं आमच्यात सगळ्यांत भरलेला. त्याला छाटणीची भीती आमच्यापेक्षा जास्त होती आणि ती तो लपवत नसे. एकदा विहिरीवर आंघोळ करताना तो मला सरळ म्हणाला, “म्हादेव, नाव कटलं त मले उद्याच आऱ्यावर उभं राहा लागते. बापाची दोन बोटं त्या आऱ्यानं खाल्ली. मले नाही जायचं तिकडं. काहीबी होवो, मी त्या खिंडीत जातो.” मग त्यानं डोक्यावर बादली ओतली आणि विषय संपला.

तयारी महिनाभर चालली. साहेब मेसच्या टेबलावर नकाशा पसरत, पंख्याच्या वाऱ्यानं तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवत, आणि आम्ही भोवती उभं राहून ऐकत असू. रेल्वे काठगोदामपर्यंत, पुढे लॉरी, पुढे पाय. दोन तळ खाली, एक वर बर्फाच्या कडेला, तिथून पहाटे निघून खिंड गाठायची आणि दुपारच्या आत परत. साहेबांनी प्रत्येक मुक्काम पेन्सिलीनं काढला होता. धोंडबा एका जागी बोट ठेवून विचारायचे, इथं पाणी आहे का. साहेब म्हणायचे, तिथं सगळं पाणीच आहे, पण गोठलेलं. धोंडबांचं काही समाधान होत नसे.

गरम कपडे स्टोअरमधून आले तेव्हा बाहेर लू वाहत होती. मापं बघायची म्हणून आम्ही बराकीत लोकरीचे मोजे, जाड कोट आणि माकडटोप्या घालून अटेन्शनमध्ये उभे राहिलो. घामाच्या धारा बुटात उतरल्या. दाराशी बाकीची कंपनी जमून आमची मजा बघत होती. बूट एक माप मोठे घेतले, आत दोन जोड मोजे बसावेत म्हणून.

चढणीचा सराव रामटेकच्या गडावर. सूर्य उगवायच्या आत लॉरीनं तिथं पोचायचं, पाठीवर वाळूची पोती बांधायची आणि पायऱ्या चढायच्या-उतरायच्या. दर्शनाला आलेल्या एका म्हातारीनं धोंडबांना विचारलं, हा कशाचा नवस. धोंडबांनी साहेबांकडे बोट दाखवून सांगितलं, त्यांचा आहे. म्हातारीनं साहेबांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि साहेबांनी तो टोपी काढून खाल्ला.

बर्फात पायऱ्या कशा तोडायच्या ते शिकवायला साहेबांनी नागपूरहून बर्फाच्या लाद्या मागवल्या. गोणपाटात गुंडाळून, भुसा घालून आणल्या तरी कामठीला पोचेस्तोवर निम्म्या उरल्या. साहेब कुऱ्हाड कशी धरायची ते दाखवत होते तोवर त्याही बसत चालल्या. किसननं दोन घाव घातले आणि वर्ग आटोपला. उरलेल्या बर्फाचं काय झालं ते विचारू नका. त्या दुपारी सगळी कंपनी लिंबाचं सरबत प्यायली.

शिध्यावरून मात्र वाद झाला. वर डाळ शिजत नाही, असं साहेबांचं म्हणणं. डाळ शिजत नाही हे धोंडबांना पटेना. आच कमी पडत असेल, असं ते म्हणाले. शेवटी सातू, फुटाणे, गूळ, तीळकूट आणि डबाबंद मटण ठरलं. धोंडबांनी त्यात कांद्यांचं पोतं आणि आंबोशी घातली. आंबोशी म्हणजे कैरीच्या वाळवलेल्या फोडी, भिजवल्या की पन्हं करता येतं. साहेबांनी विचारलं, बर्फात पन्हं कशाला. धोंडबा म्हणाले, “ऊन कुठंबी लागते, साहेब.” साहेब हसले आणि पोतं राहू दिलं.

आमच्या डॉक्टरांनीही एक तास घेतला. बोटं कशी काळी पडतात, डोळे कसे जातात, हे त्यांनी चित्रं काढून समजावलं. जाताजाता म्हणाले की वर हवा विरळ असते, डोकं दुखतं, झोप येत नाही, दोन-चार दिवसांत सवय होते. सगळा भर थंडीवर होता. तितक्या उंचीवर आमच्यापैकी कोणी गेलेलं नव्हतं, डॉक्टरही नाहीत आणि एलिस साहेबही नाहीत. थंडीला आम्ही इतके घाबरलो होतो की दुसऱ्या कशाला घाबरायला जागा उरली नव्हती.

प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. काठगोदामला उतरलो, लॉरीनं धक्के खात वर गेलो आणि मग चालू लागलो. एक स्थानिक वाटाड्या आणि सामानाची खेचरं बरोबर होती. देवदार संपले, गवत संपलं, दगड सुरू झाले. साहेब खूश होते, कारण आम्ही त्यांच्या पेन्सिलीच्या पुढे चाललो होतो. एका मुक्कामाला दोन रात्री राहायचं ठरलं होतं, तिथून आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो. पाय चांगले चालतायत तर थांबायचं कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं. किसन सगळ्यांच्या पुढे असायचा आणि दोघांचं ओझं उचलायचा.

वरच्या तळावर डाळ खरंच शिजली नाही. धोंडबांनी ती तीन वेळा चढवली आणि शेवटी खेचरांपुढे ओतली. तिथं आम्हाला एक गोष्ट कळली जी कामठीच्या टेबलावर कोणी बोललं नव्हतं. थंडी पहाटे आणि रात्री. दिवसा ऊन. आणि ऊन कसं, तर नागपूरच्या मे महिन्याला लाजवेल असं. वरून येतं, बर्फावर आपटून खालून येतं, हनुवटीखालची कातडी भाजते. ओठ फुटले, नाकाची सालं निघाली. शिपायांपैकी एक जण म्हणाला, आपण रामटेकलाच बरे होतो. आम्ही सगळे त्या उन्हाला ओळखत होतो. निदान तसं आम्हाला वाटलं.

खिंडीच्या दिवशी पहाटे चारला निघालो. साहेब, वाटाड्या आणि मी पुढे, पायऱ्या तोडत. धोंडबा, किसन आणि दोघे शिपाई मागे, दोर आणि सामान घेऊन. लढाईतून उरलेले दोन लहान वायरलेस सेट होते. एक माझ्याकडे, एक मागच्या तुकडीतल्या शिपायाकडे. बॅटऱ्या थंडीनं मरू नयेत म्हणून आम्ही त्या सदऱ्याच्या आत पोटाशी बांधल्या होत्या. सूर्य वर आला तोवर मागची तुकडी आमच्या नजरेआड झाली होती.

साडेसातच्या सुमाराला सेट खरखरला. धोंडबा स्वतः बोलत होते.

“किसनले ऊन लागलं. सावलीत निजवला. उपचार चालू. तुमी पुढं जा. ओव्हर.”

मी साहेबांना सांगितलं. ते थांबले. वर बघितलं, खाली बघितलं. कपाळावर त्यांच्याही घाम होता. त्यांनी विचारलं, धोंडबा बरोबर आहेत ना. मी म्हणालो, आहेत. साहेब म्हणाले, मग काळजी नाही. मलाही नव्हती. आम्ही चढत राहिलो.

खाली काय झालं ते मला नंतर तिघांच्या तोंडून कळलं आणि तिघांचं बोलणं सारखंच होतं. किसनचं डोकं आदल्या दोन दिवसांपासून ठणकत होतं. तो कोणाला बोलला नाही. परत पाठवतील, मग शाळा गेली, मग आरा, हा त्याचा हिशेब. त्या सकाळी त्याला ओकारी झाली, चक्कर आली, तोंड लाल, डोळे लाल. नागपूरच्या कुठल्याही घरात म्हातारीनं एवढं बघितलं असतं तर रोगाचं नाव विचारावं लागलं नसतं. धोंडबांनी विचारलं, “काहून गा, कसं वाटून राहिलं?” किसनच म्हणाला, “ऊन लागलं, उस्ताद.” आणि तो हसला, असं एका शिपायानं सांगितलं. मला ते हसणं समजतं. ऊन म्हणजे घरचा पाहुणा. दोन तास पडलं की माणूस उठतो. त्यासाठी कोणी नाव कापत नाही.

धोंडबांनी एका मोठ्या दगडाला मेणकापड बांधून सावली केली. किसनला निजवलं. कांदा फोडला. बूट-मोजे काढून तळपाय घासले. दुपट्टा बर्फाच्या पाण्यात भिजवून डोक्याला गुंडाळला, छातीवरही ठेवला. आंबोशी आदल्या रात्रीच भिजवलेली होती, तिचं पन्हं पाजलं. आणि त्याला मुळीच हलवलं नाही. जे जे कामठीच्या रस्त्यावर बरोबर होतं ते सगळं त्यांनी केलं आणि नीट केलं.

खिंडीत आम्ही दहाच्या आसपास पोचलो. वर दगडांची एक रास होती, तिच्यावर फडकी बांधलेली, आणि वारा. पलीकडे तिबेटकडचे डोंगर, तांबडे आणि उघडे. साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मला आनंद झाला, तो मी नाकारत नाही. उमरेड रोडच्या पलीकडे ज्याच्या घरचं कोणी गेलं नव्हतं असा मी तिथं उभा होतो. मग साहेबांनी खाली विचारायला सांगितलं.

मी सेट लावला. धोंडबांचा आवाज आला, पण पहिल्यासारखा नव्हता.

“झोपला हाये. हाक मारली त बरळते. उतार नाही पडून राहिला. ओव्हर.”

साहेबांनी सेट माझ्या हातातून घेतला. त्यांनी हिंदुस्थानीत सांगितलं, त्याला त्याचा नंबर विचारा. शिपाई आईचं नाव विसरेल, पण नंबर विसरत नाही. झोपेत लाथ मारून विचारला तरी सांगतो. थोडा वेळ नुसती खरखर. मग धोंडबा म्हणाले, “नाही सांगता येत त्याले.”

साहेबांचं तोंड मी तेव्हा पाहिलं. ते म्हणाले, “हे ऊन नाही, उंची आहे. त्याला उठवा आणि खाली न्या. आत्ता. जितकं खाली जाईल तितकं.” दोनदा म्हणाले. मग सेट माझ्याकडे फेकून ते उतरायला लागले आणि मी त्यांच्यामागे.

आम्ही उतरत असताना ढग खिंडीवरून खाली आला. ऊन दिवा फुंकावा तसं गेलं. वारा सुटला आणि बारीक बर्फ पडू लागला. त्या दगडापाशी पोचलो तेव्हा मागच्या तुकडीनं किसनला उचलून खाली न्यायला सुरुवात केली होती. त्यांना गाठलं तेव्हा धोंडबांच्या अंगात नुसता सदरा होता. त्यांचा कोट किसनच्या अंगावर होता. किसनच्या डोक्याचा ओला दुपट्टा थिजून लाकडासारखा झाला होता आणि तो सोडवताना केस निघत होते. पायांत मोजे घातले होते, पण बूट जात नव्हते. श्वास घेताना छातीत घरघर वाजत होती.

आम्ही पाळीपाळीनं त्याला पाठीवर घेतलं. त्याचं अंग कसं होतं ते मी सांगितलंच आहे. वरचा तळ मागे टाकला, थांबलो नाही. दगड संपून गवत लागायच्या थोडं आधी किसन माझ्या पाठीवर होता आणि घरघर थांबली. मी तसाच चालत राहिलो. साहेबांनी मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा थांबलो.

वर लाकूड नसतं. म्हणून आम्ही त्याला देवदारांपर्यंत आणला आणि तिथं अग्नी दिला. धोंडबांनी दिला. चिता रचून होईपर्यंत त्यांनी कोणाला किसनला हात लावू दिला नाही.

नंतर चौकशी झाली. उंचीच्या आजारानं मृत्यू, कोणाचाही निष्काळजीपणा नाही, असा निकाल आला. साहेबांनी सगळा दोष स्वतःकडे घेऊन लिहिलं होतं की आम्ही फार वेगानं चढलो. ते खरंही होतं. धोंडबांना कोणी काही बोललं नाही. तेच त्यांना सोसलं नाही, असं मला वाटतं.

अस्थी घेऊन धोंडबा आणि मी लकडगंजला गेलो. टालाच्या मागे दोन खोल्या. मारोतराव अंगणात बसले होते, अंगावर लाकडाचा भुसा होता. तार आधीच पोचली होती. किसनची आई आत होती, ती बाहेर आली नाही. तिचा आवाज मात्र येत होता.

मारोतरावांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि मांडीवर ठेवलं. पहिलं त्यांनी विचारलं ते लाकडाचं. मी सांगितलं, देवदार. त्यांनी मान हलवली. मग मी सरकारी भाषेत सांगायला लागलो, उंची, विरळ हवा, असं. धोंडबांनी मला हातानं थांबवलं.

“मारोतराव,” ते म्हणाले, “कागद काहीबी म्हणो. पोरगा माह्या हातानं गेला. त्याले खाली न्यायचं होतं. मी निजवून ठेवलं. मले वाटलं ऊन लागलं.”

पलीकडच्या टालावर आरा चालू होता. मारोतरावांनी धोंडबांकडे न बघता विचारलं, “सावलीत निजवला होता?”

“हाव.”

“कांदा देला?”

“देला.”

“तळपाय?”

“घासले. रगत येईस्तोवर घासले.”

“डोक्याले वला दुपट्टा?”

“हाव.”

मारोतरावांनी गाठोड्यावरून हात फिरवला. त्या हाताला तीन बोटं होती. मग त्यांनी मान वर केली.

“मंग मीबी हेच केलं असतं गा,” ते म्हणाले.

धोंडबा तिथंच, अंगणात, खाली बसले. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मारोतराव उठले आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले.

धोंडबांनी त्याच महिन्यात अर्ज करून पलटण सोडली आणि उमरेडला शेती केली. एलिस साहेब पुढच्या वर्षी विलायतेला गेले. डोंगरी शाळेत मला घेतलं. किसनला हवी होती ती जागा मला मिळाली आणि मी ती बरीच वर्षं सांभाळली. सपाटीवरून पोरं येत, ऊन अंगावर घेऊन वाढलेली. पहिल्या दिवशी त्यांना मी बर्फाचं काही सांगत नसे. मी सांगायचो, डोकं दुखलं तर लपवू नका, नाव कापलं जात नाही. आणि कोणी म्हणालं ऊन लागलं, तर त्याला निजवू नका, खाली उतरवा. पोरं विचारायची, हे कोणी शोधून काढलं. मी सांगायचो, लान्स नाईक किसन मारोतराव भोयर, लकडगंज, नागपूर.